गणिताचे डबे : स्वतःची जागा नसलेल्या वर्गासाठी सरावाचे फिरते साहित्य

पुण्यातील एका वस्तीच्या समाजमंदिरात आम्ही काही जण पहिली ते चौथीच्या मुलांचा संध्याकाळचा गणिताचा वर्ग घेतो. तेथे आमचे कपाट नाही, भिंतीवर तक्ते लावण्याची मुभा नाही, आणि गणेशोत्सवाच्या दिवसांत सभागृह मंडळाच्या सामानासाठी लागते, तेव्हा वर्ग शेजारच्या इमारतीच्या वाहनतळात भरतो. अशा वर्गाचे साहित्य दोन पिशव्यांत मावले पाहिजे, दुचाकीवरून नेता आले पाहिजे आणि पाच मिनिटांत मांडून तितक्याच वेळात आवरता आले पाहिजे. या गरजेतून जे तयार झाले त्याला मुले ‘गणिताचे डबे’ म्हणतात. एका डब्यात एका कौशल्याच्या सरावाला लागणारे सर्व काही असते. दोन मुले तो उचलून कोपऱ्यात, ओट्यावर किंवा सतरंजीच्या टोकाला बसतात, काम करतात, उत्तर स्वतः तपासतात आणि डबा पुन्हा भरून जागेवर ठेवतात.

शिक्षण मुलांपर्यंत उचलून नेण्याचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. मुले बालवाडीपर्यंत येऊ शकत नसतील तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यावी, या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या बोर्डी-कोसबाड परिसरातील कामातूनच ‘अंगणवाडी’ ही कल्पना रुजली. पुण्यातही बांधकामावरील मजुरांच्या मुलांसाठी ‘डोअर स्टेप स्कूल’ ही संस्था बसमध्ये वर्ग भरवत आली आहे. गणिताचा डबा हे त्याच विचाराचे अगदी लहान रूप आहे, आणि ते घरी, शाळेच्या व्हरांड्यात किंवा सोसायटीच्या सभागृहात कोणालाही तयार करता येते.

डबा तयार करण्यापूर्वी दोन गोष्टी मनाशी पक्क्या कराव्यात. पहिली, एका डब्यात एकच कौशल्य असावे. बेरीज, वजाबाकी आणि पाढे एकत्र भरलेला डबा मुलांना खेळणे वाटतो. ती त्यातले सोपे तेवढे निवडतात आणि अवघड तसेच राहते. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे : उत्तर बरोबर आले की नाही हे डब्यानेच मुलाला सांगितले पाहिजे. वीस मुलांच्या वर्गात प्रत्येक उत्तरासाठी मूल शिक्षकाकडे धावत येऊ लागले, तर शिक्षक तपासनीस होतो आणि ज्या मुलाजवळ दहा मिनिटे बसण्याची खरी गरज असते ते मूल तसेच राहून जाते. म्हणून कोणताही डबा करताना आधी ‘मुलाला उत्तर कसे कळेल?’ हे ठरवावे आणि मगच आत काय ठेवायचे ते ठरवावे.

साहित्य कोठून आणावे

अर्धा किलो श्रीखंडाचे रिकामे डबे आम्हाला सर्वांत सोयीचे वाटतात, कारण ते एकावर एक नीट बसतात आणि त्यांचे झाकण मुलांना उघडता येते. पत्ते आणि दोऱ्यांसाठी चेन असलेल्या पारदर्शक प्लास्टिकच्या पिशव्या बोहरी आळीत घाऊक मिळतात, जाड कार्डशीट आणि स्केचपेन अप्पा बळवंत चौकात, तर मोठे मणी, बटणे आणि लहान वाट्या तुळशीबागेत. पत्त्यांना लॅमिनेशन करून घेणे हा एकच खर्च टाळू नये. जून ते सप्टेंबर दुचाकीवरून नेलेला साधा कागद एका पावसातच संपतो. लॅमिनेशन केलेल्या पत्त्यावर पांढऱ्या फळ्याच्या पेनाने लिहून पुसताही येते, म्हणजे एकच पत्ता वर्षभर पुरतो.

आमच्या वर्गात मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही माध्यमांची मुले येतात, म्हणून प्रत्येक पत्त्यावर देवनागरी आणि आंतरराष्ट्रीय असे दोन्ही अंक लिहितो. लहान भावंडे बरोबर येत असतील तर मणी आणि चिंचोके असलेले डबे त्यांच्या हाती लागणार नाहीत अशा उंचीवर ठेवावेत; तोंडात किंवा नाकात वस्तू घालण्याचे ते वय असते, आणि या बाबतीत कोणतीही सवलत देऊ नये.

संख्यानामांचा डबा

सर्वांत आधी हा डबा करावा, कारण तो बाजारात तयार मिळत नाही. दुकानातील बहुतेक साहित्य इंग्रजी संख्यानामांचा विचार करून बनवलेले असते, आणि मराठीतील अडचण वेगळीच आहे. मराठीत एकक आधी उच्चारला जातो आणि दशक नंतर, तर लिहिताना दशक आधी येतो. ‘त्रेचाळीस’ ऐकणाऱ्या मुलाच्या कानावर तीन आधी पडतात, म्हणून ते ३४ लिहिते. ‘एकोणपन्नास’ची अडचण त्याहून मोठी आहे. येथे पन्नास ऐकू येतात, पण लिहायचे असतात चाळीस आणि नऊ. मुले ५९ लिहितात, काही ५१ लिहितात, आणि आपण त्याला निष्काळजीपणा म्हणतो. वास्तविक ते मूल ऐकलेले प्रामाणिकपणे लिहीत असते. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद या आठही नावांत पुढच्या दशकातून एक उणा केलेला असतो. नव्व्याण्णव मात्र या रांगेत बसत नाही.

२०१९ मध्ये बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात रूढ नावांबरोबर ‘वीस एक’, ‘सत्तर तीन’ अशा पद्धतीचे वाचनही दिले गेले आणि त्यावरून राज्यात बरीच चर्चा झाली. माझे मत असे आहे की मुलाला दोन्ही यावीत : लिहिण्याचा क्रम कळण्यासाठी ‘चाळीस तीन’ फार उपयोगी पडते, पण मंडईत भाजीवाल्या मावशी आणि घरात आजी ‘त्रेचाळीस’च म्हणणार, तेव्हा ते नाव मुलाच्या कानाला आणि हाताला सरावाचे व्हायलाच हवे.

या डब्यासाठी १०० मण्यांची माळ ओवावी. दहा मणी एका रंगाचे, पुढचे दहा दुसऱ्या रंगाचे, अशी दोनच रंगांची आलटून-पालटून रचना ठेवावी. सोबत कपडे वाळत घालण्याचा एक चिमटा, एक पाटी आणि संख्यानामांचे पत्ते ठेवावेत. एका मुलाने पत्ता वाचायचा, दुसऱ्याने त्या संख्येच्या मण्यानंतर चिमटा लावायचा आणि मग पाटीवर अंकांत लिहायचे. ‘एकोणपन्नास’ आले की आधी पाचव्या रंगगटाचा शेवट, म्हणजे पन्नास शोधायचे आणि तेथून एक मणी मागे यायचे. चिमट्याच्या अलीकडे चार पूर्ण गट आणि नऊ सुटे मणी दिसतात, म्हणजे ४९ हे लेखन मुलाच्या डोळ्यांसमोरच असते. पत्त्याच्या मागे अंकांतील उत्तर लिहिलेले असावे, पण चिमटा लावून पाटीवर लिहिल्याखेरीज पत्ता उलटायचा नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा.

पत्त्यांवर नावातील दशकाचा भाग वेगळ्या रंगात लिहिला तर बरीच मदत होते : ‘त्रेचाळीस’मधील ‘चाळीस’ निळा, ‘पंचवीस’मधील ‘वीस’ निळा. ही युक्ती सर्व नावांना लागू पडत नाही. ‘बावन्न’मध्ये पन्नास, ‘एकाहत्तर’मध्ये सत्तर आणि ‘त्र्याण्णव’मध्ये नव्वद हे दशक आपला चेहरा बदलून येतात, म्हणून पन्नाशी, सत्तरी आणि नव्वदीचे पत्ते दुसऱ्या पिशवीत ठेवावेत आणि विशी, तिशी, चाळिशी पक्की झाल्यावरच द्यावेत. ‘एकोण’चे आठ पत्ते सर्वांत शेवटी, पण एकत्र द्यावेत, कारण त्यांच्यातील सारखेपणा एकत्र पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही.

दहाच्या जोड्या

चिंचोका फरशीवर घासला की त्याची एक बाजू पांढरी होते. घरोघरी फाशांऐवजी असे चिंचोके वापरले जात. असे दहा चिंचोके आणि एक स्टीलची वाटी, एवढाच हा डबा. सुरुवातीला मूल ते ओंजळीतून टाकते आणि ‘चार पांढरे, सहा तपकिरी’ असे बोलून पाटीवर मांडते. काही दिवसांनी खेळ बदलावा : एकाने काही चिंचोके वाटीखाली झाकायचे, दुसऱ्याने बाहेर उरलेले पाहून झाकलेले किती ते सांगायचे. वाटी उचलली की उत्तर समोर येते, म्हणून या डब्याला उत्तरपत्रिका लागतच नाही. ७ आणि ३, ६ आणि ४ या जोड्या क्षणात सांगता येऊ लागल्याखेरीज हातच्याच्या बेरजेकडे वळू नये. ८ + ५ करताना बोटांवर एकपासून मोजणारे मूल आणि ‘आठात दोन घातले की दहा, उरले तीन’ म्हणणारे मूल यांच्यातला फरक या दहा चिंचोक्यांवरील सरावाचाच असतो. चिंचोक्यांना कीड लागते, म्हणून दर महिन्याला त्यांना एक दिवस ऊन द्यावे.

जुड्यांचा डबा

हातचा आणि उसना ही दोन्ही कामे मुले पाठ करून करतात आणि काही आठवड्यांत विसरतात. त्यासाठी आइस्क्रीमच्या काड्यांच्या, प्रत्येकी दहाच्या, रबर लावलेल्या नऊ जुड्या आणि वीस सुट्या काड्या ठेवाव्यात. जुडी म्हटले की मुलांना मेथीची जुडी आठवते, त्यामुळे हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. ५२ मधून २७ काढायचे असतील तर मूल पाच जुड्या आणि दोन काड्या मांडते, सात काड्या देता येत नाहीत हे त्याच्या हाताला कळते, मग ते एक जुडी सोडते. आता चार जुड्या आणि बारा काड्या होतात. त्यातून सात काड्या आणि दोन जुड्या काढल्या की दोन जुड्या आणि पाच काड्या उरतात, म्हणजे २५. जुडी सोडण्याची कृती मुलाने स्वतःच्या हाताने करणे हेच या डब्याचे काम आहे, म्हणून वेळ वाचवण्यासाठी चिकटवलेल्या किंवा छापील जुड्या वापरू नयेत. प्रत्येक जुडी सोडल्यावर पाटीवरील मांडणीतही ५ खोडून ४ आणि २ च्या जागी १२ लिहायला लावावे. हात आणि पाटी एकाच वेळी चालली नाहीत तर काड्या एकीकडे राहतात आणि वहीतील गणित दुसरीकडे.

या डब्यातील स्वतपासणी उलट बेरजेने होते. उरलेल्या दोन जुड्या व पाच काड्यांत काढलेले २७ परत मिसळले की पुन्हा पाच जुड्या आणि दोन काड्या झाल्या पाहिजेत. यात थोडा वेळ जातो, पण बेरीज आणि वजाबाकी यांचे नाते कोणतीही व्याख्या न सांगता लक्षात येते.

पाढ्यांचा डबा

‘बे एके बे, बे दुणे चार’ ही लय मराठी मुलांना लहानपणीच मिळते आणि ती मोडावी असे मला मुळीच वाटत नाही. पाढा पाठ असला की पुढची गणिते सुकर होतात. मात्र सहा साते किती हे विचारताच ज्या मुलाला ‘सहा एके सहा’पासून सुरुवात करावी लागते, त्याला पाढ्याचे चित्र मिळालेले नसते. ते देण्यासाठी आधी अंड्यांचा रिकामा ट्रे वापरावा. त्यात पाच ओळींत प्रत्येकी सहा, म्हणजे ३० खोलगे असतात. ट्रे पाव वळणाने फिरवला की सहा ओळींत पाच दिसतात आणि खोलगे तेवढेच राहतात. पाच सक आणि सहा पंचे सारखेच का, हे एवढ्याने स्पष्ट होते.

ट्रे नेण्यास अवजड आणि पावसात निरुपयोगी, म्हणून डब्यात कायमसाठी १० ओळी आणि १० रकान्यांच्या ठिपक्यांचा एक लॅमिनेशन केलेला कागद ठेवावा आणि त्याच्यावर सरकवण्यासाठी काटकोनात कापलेली जाड पट्टी द्यावी. पाचव्या ओळीखाली आणि पाचव्या रकान्यापुढे ठळक रेघ मारावी. आता ७ × ६ हवे असेल तर पट्टी सरकवून सात ओळी व सहा रकाने उघडे ठेवायचे. ठळक रेघांमुळे २५, ५, १० आणि २ असे चार तुकडे दिसतात आणि त्यांची बेरीज ४२ होते. पाढा विसरलेले मूल अशा प्रकारे तो स्वतः पुन्हा उभा करू शकते. प्रश्नाच्या पत्त्यामागे उत्तर लिहावे आणि आलेले पत्ते एका बाजूला, अडलेले दुसऱ्या बाजूला ठेवून अडलेले पुन्हा घ्यायला सांगावे.

पैशांचा डबा करणे सोपे आहे : खेळण्यातील नोटा, खरी नाणी नकोत, आणि मंडईतील खरेदीचे पत्ते. ‘मेथी १५ रुपये, दिली ५० ची नोट’ असा पत्ता आल्यावर वजाबाकी मांडण्याऐवजी दुकानदार सुटे परत देतो तसे पंधरापासून पाच देऊन वीस आणि तीस देऊन पन्नास असे पुढे मोजू द्यावे. फिरत्या काट्यांच्या पुठ्ठ्याच्या घड्याळाचा डबाही असाच करावा, पण त्यात ‘पावणे’च्या पत्त्यांकडे विशेष लक्ष द्यावे. पावणेतीन ऐकून मुले तास काटा तीनच्या पुढे नेतात, कारण येथेही ‘एकोण’प्रमाणेच येणाऱ्या संख्येतून मागे मोजायचे असते. ज्यांनी मण्यांच्या माळेवर एकोणपन्नासला पन्नासवरून एक पाऊल मागे घेतले आहे, त्यांना पावणेतीनला तीनवरून पाव तास मागे येणे लवकर जमते. म्हणून घड्याळाचा डबा माळेच्या डब्यानंतरच द्यावा.

वर्गात डबे कसे चालवावेत

पहिल्या आठवड्यात तीनच डबे काढावेत. प्रत्येक डबा सर्वांना एकत्र बसवून उघडून दाखवावा, दोन मुलांकडून करवून घ्यावा, आणि तो भरून ठेवण्याची पद्धतही तितक्याच सावकाश शिकवावी. सर्व डबे एकाच दिवशी मांडण्याचा मोह होतो, पण तसे केले की पुढचा महिना साहित्य गोळा करण्यात जातो. मुलांच्या जोड्यांपेक्षा दोन डबे जास्त असावेत, म्हणजे काम लवकर संपलेल्या जोडीला थांबावे लागत नाही. नऊ जोड्यांना अकरा डबे आम्हाला पुरतात. एका डब्यावर १५ मिनिटे पुरेशी असतात आणि एका संध्याकाळी दोनच डबे घ्यावेत.

जोडी लावताना एक हुशार आणि एक मागे पडलेले मूल अशी विभागणी करू नये. हुशार मूल उत्तरे सांगून टाकते. जवळपास सारख्या पातळीची दोन मुले एकमेकांशी अधिक बोलतात, आणि सरावाचा निम्मा लाभ त्या बोलण्यात असतो. पत्ते सोपे-अवघड असे वेगळे करायचे असतील तर त्यांवर पान, फूल आणि फळ अशी चित्रे काढावीत. पहिला, दुसरा, तिसरा गट अशी नावे मुलांच्या मनाला लागतात.

मुले कामात असताना शिक्षकाने एका जोडीजवळ शांत बसावे आणि उत्तरापेक्षा मूल उत्तरापर्यंत कसे जाते ते पाहावे. वहीत प्रत्येक मुलासाठी एक ओळ पुरते : ‘एकपासून मोजते’, ‘आठपासून पुढे मोजते’, ‘दहा करून मोजते’. अशी नोंद दर पंधरा दिवसांनी वाचली की कोणाला कोणता डबा पुन्हा द्यायचा हे आपोआप ठरते. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीच्या अखेरीपर्यंत प्रत्येक मुलाला पायाभूत वाचन आणि अंकज्ञान यावे असे उद्दिष्ट ठेवले आहे. त्याच्या चाचण्यांतील गुणांपेक्षा ही एकेक ओळ शिक्षकाला उद्या काय करायचे ते अधिक नेमके सांगते. मूल एखाद्या डब्याला कंटाळले तर नवा खेळ शोधण्याची घाई करू नये. खेळ तोच ठेवून आतील संख्या बदलाव्यात, कारण नवा खेळ समजून घेण्यात जाणारा वेळ गणितातूनच वजा होतो.

डबे घरी देणे

शनिवारी प्रत्येक मुलाला एक डबा घरी न्यायला द्यावा. सोबत लांबलचक सूचना देऊ नयेत, कारण अनेक घरांत त्या वाचणारे कोणी नसते किंवा वाचायला वेळ नसतो. मुलाने आईला, ताईला किंवा आजोबांना खेळ शिकवायचा, एवढेच काम सांगावे. शिकवता आले म्हणजे त्याला तो आला. मंडईत आयुष्य काढलेल्या आजी पाऊणपट आणि दीडपट तोंडी करतात, हे मुलांना अशाच वेळी कळते, आणि सोमवारी ती ते वर्गात सांगतात.

प्रत्येक डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला त्यातील वस्तूंची यादी चिकटवावी : ‘जुड्या ९, सुट्या काड्या २०, पत्ते १६, रबर २’. डबा परत करताना मुलाने यादीप्रमाणे मोजून भरायचा. एखादी वस्तू हरवली तर रागावू नये, पण ती भरून काढण्याचे काम त्याच मुलाबरोबर बसून करावे. नवा पत्ता लिहावा, नवा चिंचोका घासावा. हरवलेल्या वस्तूंसाठी एका पिशवीत जास्तीचे मणी, काड्या, रबरे आणि कोरे पत्ते कायम ठेवावेत आणि वर्ग सुटण्यापूर्वीच डबे पूर्ण करावेत, कारण नऊच चिंचोके असलेला दहाच्या जोड्यांचा डबा दुसऱ्या दिवशी ज्या मुलाच्या हाती पडेल त्याला तो चुकीचे गणित शिकवील.